पारोळ्यापुढे तिसरा गिअर

माझं काम कापसात हात घालायचं. जिनिंगच्या आवारात शेतकऱ्याची गाडी आली की मी ढिगात कोपरापर्यंत हात घालते, आतली ओल बघते, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढते आणि धागा किती लांब, किती दमाचा ते सांगते. त्यावर भाव ठरतो. वरचा थर दुधासारखा आणि आत किडकी कवडी, पत्ती, पाणी, असं इतक्यांदा पाहिलंय की थक्क होण्याची सवय मोडली आहे. त्यामुळे एका जुन्या गाडीने मला थक्क केलं, आणि ती रोज करतेच आहे, याचं मलाच नवल वाटतं.

गाडी घ्यायचं कारण साधं होतं. धुळ्याच्या अलीकडे, फागण्याजवळच्या एका जिनिंगने मला मुख्य ग्रेडर म्हणून बोलावलं. जळगावात मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली होते. माझा शेरा वर जायचा, तिथे बदलला जायचा. इथे माझा शब्द शेवटचा असणार होता. या धंद्यात बाईला असं बोलावणं येत नाही. आवारातच राहायला एक खोलीही देत होते, पंखा, खाट, ओटा असलेली. दुसरी कोणी असती तर तिने दिवाळीआधीच सामान हलवलं असतं.

अडचण घरी होती. माझ्या नवऱ्याला काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलं, समोरचं तेवढं उरलं. नळीतून बघावं तसं तो बघतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, आहे ते थेंबांवर टिकेल. रात्री नऊला एक बाटली, थोडं थांबून दुसरी. एक दिवस चुकला तर लगेच आभाळ कोसळत नाही, पण रोज चुकला तर उरलेली नळीही मिटत जाते. तो स्वतःच्या हाताने थेंब टाकायचा तेव्हा निम्मे गालावर जायचे. "पडला का?" विचारलं की "पडला" म्हणायचा आणि गाल चमकत असायचा. मुलगा पुण्याला. शेजारच्या वहिनी आनंदाने तयार होत्या, पण नवरा म्हणाला, "शेजारणीसमोर रोज डोळे वटारून आडवा पडू का?" विषय संपला.

म्हणजे नोकरी घ्यायची तर रात्री नऊच्या आत जळगावात पोचायला हवं होतं. हंगामात वजनकाटा कधी थांबेल याचा भरवसा नसतो. एसटीवर विसंबून हे जमणार नव्हतं. आमची जुनी गाडी गावातल्या गावात दमत होती. त्यात नवऱ्याला डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलेली. उभं आयुष्य ज्याने गाड्यांशिवाय दुसरा विषय काढला नाही, त्याने त्या दिवशी किल्ल्या खुंटीला लावल्या आणि गाडीत डाव्या बाजूला बसायचंही सोडलं. कुठे जायचं असेल तर रिक्षा करायचा.

महिनाभर आम्ही जुन्या गाड्या पाहिल्या. मी त्या कापसासारख्याच पाहिल्या. वरून पॉलिश, आत हात घातला की ओल. एकीच्या गालिच्याखाली चिखल वाळलेला होता, एक भाड्यावर धावून धावून खिळखिळी झाली होती आणि तिचा मालक शपथा खात होता. मग कोणीतरी यावलकडचा एक पत्ता दिला.

रिक्षा करून, केळीच्या बागेतून कच्च्या रस्त्याने आत गेलो. शेतातल्या घरासमोर पत्र्याची मोठी शेड, तिथे केळीचे घड धुऊन खोक्यात भरायचं काम चाललेलं. खोक्यांच्या थप्पीशेजारी राखी रंगाची छोटी गाडी उभी. चारचौघींसारखी. मागे दोन धुराडी होती आणि चाकं जरा रुंद, एवढंच वेगळं. नवरा मात्र घराच्या पायरीवरच थांबला. मान पूर्ण वळवून, नळीतून तुकड्या-तुकड्याने त्याने ती गाडी पाहिली. मग हळू आवाजात मला सांगितलं की ही दिसते छोटी, पण आत इंजिन मोठ्या गाडीला लाजवेल असं आहे, आणि अशा फार थोड्या गाड्या आपल्याकडे आल्या.

गाडी त्या घरातल्या मुलाची. पुण्याला नोकरीला असताना हौसेने घेतलेली. शेती बघायला परत आला, जुळी झाली, आणि बांधावरून येताना गाडीचं पोट घासायला लागलं. खाटेवर बसलेले त्याचे वडील आम्हाला चहा देऊन म्हणाले, "ताई, गाडी चांगली हाये, पण खाते लय. आमच्या बैलांले इतका चारा लागत नाही. तुम्हाले रोज धुळ्याले जायचं? मंग हे नका घेऊ."

विकणाराच नको म्हणतो, असं मी पहिल्यांदा पाहिलं. मुलगा हसला आणि त्याने आपण होऊन सगळं दाखवलं. पोटाखालचे ओरखडे, एक वाकलेली रिम, मागच्या सीटवर केळीच्या चिकाचा काळा डाग. चिकाचा डाग कशाने जात नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. मी गालिचा उचलून खाली हात फिरवला. कोरडा. दारांच्या रबरात बोट घातलं. कोरडं. सगळ्या खानदेशात एक गाडी खोटं बोलत नव्हती, आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण ती पेट्रोल पीत होती.

नवऱ्याने बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, चालू करा. मला ऐकू आलं ते असं, की एखादा मोठा माणूस घसा खाकरून गप्प बसला. नवरा मात्र तिथेच उभा राहिला. हात काढेना. शेडमधल्या बायका घड धुता धुता त्याच्याकडे बघत होत्या. मुलगा मला म्हणाला, "ताई, हिला मोकळं चालवा. कोंडू नका." तरुण पोरांचं बोलणं म्हणून मी ते कानाआड केलं. त्याच्या आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मागच्या सीटवर केळीचा घड ठेवला, नको नको म्हटलं तरी. अशी गाडी घरी आली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खानदेशात गाडी केवढ्याची, कोणत्या कंपनीची, हे नंतर. आधी विचारतात, अ‍ॅव्हरेज काय देते? पंपावर विचारतात, जिनिंगच्या फाटकावर विचारतात. मी एका दशक्रियेला गेले होते, तिथे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना दिवंगतांच्या जावयाने मला अ‍ॅव्हरेज विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "या गाडीचं? शक्यच नाही." आणि बाजूच्या दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

तो आदर मी मेहनतीने कमावला होता. गाडीत समोरच एका कोपऱ्यात लिटरमागे किती जाते ते सतत दिसतं. आकडा चढवायचा कसा ते मी चार दिवसांत शिकले. जमेल तितक्या लवकर सहावा गिअर टाकायचा आणि पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवायचा. पन्नासच्या वेगाला सहावा. चढावर सहावा. ट्रकच्या मागे सहावा. गाडी आतून घूं घूं करायची, मला वाटायचं मान्य करते आहे. घरी आल्यावर थेंब टाकताना मी नवऱ्याला आकडा सांगायची. तो म्हणायचा, "हं." यावलहून आणल्यानंतर तो या गाडीत फार तर दोनदा बसला होता, तेही भाजीबाजारापर्यंत. चल म्हटलं तर म्हणायचा, डाव्या बाजूला बसून मी काय करू.

हंगाम भरात आला. मी दिवसभर कापसात आणि रात्री नऊला घरी. हे जमतंय असं वाटत असतानाच गाडी कुरकुरायला लागली. आधी बांभोरीच्या पुलाच्या चढाला हिसके. मग समोर पिवळा दिवा. गॅरेजमध्ये नेली तर प्लग काजळीने काळे झालेले निघाले. नवे घातले. पंधरवडा बरा गेला आणि पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणाला, इंजिनात काही वाईट नाही, असं का होतंय कळत नाही. जिनिंगच्या आवारात सरकी उचलणाऱ्या बायकांनाही ते ऐकू यायला लागलं. त्यातली एक म्हणाली, "अक्का, तुनी गाडी रडी राहिनी. तिले काय दुखी राह्यनं?"

मग एका संध्याकाळी पारोळ्याच्या अलीकडे गाडीने जीवच सोडला. बंद पडली नाही, पण पाय दाबला तरी पुढे जाईना, बाजूच्या पट्टीवरून बैलगाडीच्या चालीने चालली. घरी पोचायला साडेदहा झाले. नवरा अंथरुणावर आडवा, दोन्ही बाटल्या उशाशी, कान ओले, उशीचा अभ्रा ओला. म्हणाला, "टाकले मी." मी अभ्रा बदलला. त्या आठवड्यात मी दोनदा अशीच उशिरा पोचले.

जिनिंगच्या मॅनेजरला हे सगळं दिसत होतं. माणूस चांगला. त्याने आवारातल्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "मॅडम, खोली तुमच्यासाठीच बंद ठेवलीय. हंगाम आहे. रस्त्यात अडकलात तर काट्यावर माल कोण बघणार?" त्याचं बरोबर होतं. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

शनिवारी घरी सांगून टाकलं. सोमवारपासून मी तिकडेच राहीन, शनिवार-रविवार येईन. शेजारच्या वहिनींना थेंबांचं सांगते, डोळे वटारावे लागतील तर वटार. आणि गाडी विकू. नवऱ्याने ऐकून घेतलं. मान भिंतीकडे वळवली, म्हणजे भिंतीच्या त्याला दिसणाऱ्या तुकड्याकडे. मग म्हणाला, "विकायच्या आधी मला एकदा धुळ्यापर्यंत ने."

रविवारी सकाळी चहा घेऊन निघालो. तो डाव्या बाजूला बसला, पट्टा लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला. गिरणा ओलांडली, पाळधी मागे पडलं. मी नेहमीसारखी चालवत होते. एरंडोलच्या अलीकडे तो डोळे न उघडता म्हणाला, "कितव्यात आहेस?"

"सहाव्यात."

"आणि वेग?"

"पंचावन्न."

"रोज अशीच नेतेस?"

मी म्हटलं, मग अ‍ॅव्हरेज कसं पडणार. त्यावर तो हसला नाही, चिडलाही नाही. पारोळा सोडून रस्ता मोकळा झाला, चार पदरी, सरळ, पुढे-मागे कोणी नाही, तेव्हा म्हणाला, "आता तिसरा टाक."

"तिसरा? या वेगाला?"

"तिसरा. आणि पाय खाली ने. पूर्ण. मी सांगेपर्यंत उचलायचा नाही."

मी तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज एकदम वर आला, अ‍ॅव्हरेजचा आकडा धाडकन खाली गेला. तरी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. अर्धा श्वास. मग गाडी दोनदा खोकली. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर, डिझेल ट्रकसारखा. मी पाय उचलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "नाही."

आणि मग पुढे कुठेतरी बारीक शीळ वाजली.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि मी सांगणं जमणारी बाई आहे. सीटने मला पाठीकडून उचलून घेतलं. झाडं, मैलाचे दगड, बाजूच्या शेतातला वेचणीचा कापूस, सगळं आमच्याकडे यायला लागलं, जणू रस्त्यालाच कोणीतरी पलीकडून दोरीने ओढत होतं. मला वाटलं होतं गाडी थरथरेल, सुटेल, भिरभिरेल. झालं उलटंच. स्टिअरिंग हातात घट्ट बसलं. तिचा खडबडीतपणा गेला, हिसके गेले. इतके महिने जी गाडी खड्ड्याखड्ड्याला कुरकुरत होती ती रस्त्याला चिकटून, पोटातून एकच सूर धरून गेली. भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी आयुष्यभर ताकद मोजली आहे ती धागा तुटतो तेव्हाची. ही न तुटणारी होती. जितकं मागावं तितकी मिळत होती आणि तरी तिच्याकडे अजून शिल्लक आहे हे पायाला कळत होतं.

काटा शंभराकडे आला तसा तो म्हणाला, "बस. सोड."

मी पाय उचलला. आरशात पाहिलं. धुराचा मागमूस नव्हता. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा तिसरा, पुन्हा पाय खाली. या वेळी खोकलाही नाही. फागणे येईपर्यंत आम्ही हे कितीतरी वेळा केलं. मागून एखादा ट्रॅक्टरवाला बघत असता तर म्हणाला असता, या दोघांना काय झालंय.

फागण्याजवळ गाडी बाजूला घेतली. तो म्हणाला, "ती शीळ म्हणजे हवा आत ओढणारा पंखा. ही खोल श्वास घेणारी आहे. तू तिला नाक दाबून चालवलंस. अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी आतच साठत गेली."

मला पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही. जिनचं यंत्र हळू चालवलं की करवतीच्या दात्यांत कापूस अडकतो, गुठळी होते, पट्टा घसरतो. वीज वाचवायला म्हणून नवा ऑपरेटर ते हळू चालवतो आणि अर्ध्या तासात यंत्र तुंबतं. यंत्राला त्याच्या चालीने चालू दे, हे मी दर हंगामात कोणाला ना कोणाला ओरडून सांगते. गाडीत बसल्यावर मात्र मी खानदेशी गिऱ्हाईक झाले होते.

नवरा हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. डोळे अजून मिटलेले. मी विचारलं, बघत का नाही. म्हणाला, "बघायला गेलो तर तुकडे दिसतात. ऐकलं की अख्खी असते." मग हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला, यावलला बॉनेटवर ठेवला होता तसा नाही, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसा.

परतताना पारोळ्याला थांबून भजी खाल्ली. त्याने विचारलं, "त्या खोलीची किल्ली कुठाय?"

"पर्समध्ये."

"उद्या देऊन टाक."

"आणि परत दिवा लागला तर?"

"तर मला सांग, कितव्यात होतीस."

सोमवारी किल्ली परत केली. मॅनेजरने विचारलं, रोज जमेल? मी म्हटलं, जमेल. पिवळा दिवा दोन-तीन दिवसांत आपोआप गेला. मेकॅनिकने प्लग काढून पाहिले तर काजळी गेलेली, रंग विटकरी, त्याने मला चार वेळा विचारलं की इंजिनात काय टाकलं. काही टाकलं नाही म्हटलं तर त्याला पटेना.

हंगाम पार पडला. काट्यावर शेवटची गाडी तपासून हात धुवायचे, पदराला चिकटलेली रुई झटकायची, आणि निघायचं. पारोळ्यानंतर कापसाचे ट्रक लागतात, दोन्ही बाजूंनी फुगलेले, ताडपत्री फाटेल की काय असे. पूर्वी मी त्यांच्या मागे अर्धा-अर्धा तास सरपटायची. आता मोकळी जागा बघते, तिसरा टाकते, शीळ ऐकते, आणि ट्रक मागे पडलेला असतो. इतक्यांदा केलं तरी ती शीळ वाजली की अंगावर काटा येतो. पन्नाशीच्या बाईने असं लिहू नये, पण येतो. एवढासा पत्र्याचा डबा, मागच्या सीटवर केळीचा डाग, आणि आत हे! ज्याने कोणी हे घडवलं असेल त्याला आमचा रस्ता, आमची जिनिंग, आमची रात्रीची घाई काही ठाऊक नसणार. तरी ते नेमकं आमच्या उपयोगाला आलं, याचं मला अजून पुरतं आकलन झालेलं नाही.

नऊच्या आत घरी. थेंब माझ्या हाताने, डोळ्यातच.

उन्हाळा सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे तपासणी होती. यंत्रासमोर बसवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं, ती चाचणी. डॉक्टरांनी मागच्या वेळचं चित्र आणि या वेळचं शेजारी-शेजारी ठेवलं. काळा भाग होता तेवढाच होता. वाढला नव्हता. "जसं चाललंय तसं चालू द्या," ते म्हणाले. कमी झाला नाही का, असं विचारायची मला लाज वाटली. तेवढाच राहिला, हेही काही लहान नव्हतं.

बाहेर आलो. नवरा न सांगता डाव्या बाजूला बसला आणि पट्टा लावून डोळे मिटून घेतले. घर उजवीकडे होतं.

"डावीकडे घे," तो म्हणाला. "हायवेला."

घरी मुगाची डाळ भिजत घातलेली होती आणि ऊनही बरंच झालं होतं. मी डावीकडचा इंडिकेटर दिला.